टाइट एंड घ्यावा, पण कितव्या क्रमांकाला?

अमेरिकन फुटबॉलमधल्या डेट्रॉइट लायन्स या संघाने २००९ ते २०२३ या काळात टाइट एंड या एकाच जागेसाठी ड्राफ्टमधली (नवोदित खेळाडू वाटून घेण्याच्या वार्षिक प्रक्रियेतली) मोलाची निवड चार वेळा खर्ची घातली. २००९ मध्ये विसाव्या क्रमांकावर ब्रँडन पेटिग्रू, २०१४ मध्ये दहाव्यावर एरिक एब्रॉन, २०१९ मध्ये आठव्यावर टी. जे. हॉकन्सन आणि २०२३ मध्ये चौतिसाव्यावर सॅम लापोर्टा. पहिल्या तिघांपैकी कुणीही टाकाऊ नव्हता. पेटिग्रूने २०११ मध्ये ८३ झेल घेतले. हॉकन्सन तर पहिल्याच सामन्यात १३१ यार्ड कमावून गेला. तरीही या तिघांमुळे संघाचं पान काही उलटलं नाही. चौथा मात्र पहिल्या फेरीत कुणीही न घेतलेला होता. त्याने पहिल्याच मोसमात ८६ झेल, ८८९ यार्ड आणि १० टचडाउन केले, आणि त्या वर्षी बारा सामने जिंकून लायन्स सुपर बोल या अंतिम सामन्याच्या एक पाऊल अलीकडे जाऊन थांबले. हे यश एकट्या लापोर्टाचं नव्हतं, हे उघड आहे. पण टाइट एंड लवकर घ्यावा का, या दरवर्षी वसंतात नव्याने पेटणाऱ्या वादाची जवळपास सगळी सामग्री या चार निवडींत सापडते. माझं उत्तर असं की पहिल्या दहा-बारा क्रमांकांत तो घेऊ नये. मी टाइट एंडला कमी लेखत नाही. तो मोलाचा आहे आणि उशिरा घेतला तरी मिळतो, एवढंच माझं म्हणणं आहे.

आधी हा खेळाडू कोण, ते पाहू. आक्रमण करणाऱ्या संघाचे अकरा जण मैदानात असतात. मधोमध पाच धिप्पाड गड्यांची फळी असते. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवायचं आणि चेंडू घेऊन धावणाऱ्यासाठी वाट मोकळी करायची, हे तिचं काम. नेहमीच्या डावात पुढे फेकलेला चेंडू झेलायची या पाच जणांना परवानगी नसते. फळीच्या टोकाला जो टॅकल उभा असतो, त्याच्या खांद्याला खांदा लावून टाइट एंड वाकून बसतो. दिसायला तो फळीतलाच सहावा गडी, पण नियमाने त्याला चेंडू झेलता येतो. एका डावात त्याला समोरच्या सव्वाशे किलोच्या बचावपटूला छातीने रेटून बाजूला करायचं असतं. पुढच्याच डावात तशीच बैठक घेऊन, पहिलं पाऊलही तसंच टाकून, त्याच बचावपटूच्या बगलेतून निसटून वीस यार्ड पळायचं आणि मागे वळून चेंडू झेलायचा असतो. प्रतिस्पर्ध्याची अडचण इथेच होते. चपळ आणि हलका माणूस उतरवला, तर टाइट एंड त्याला ढकलून देतो आणि संघ चेंडू घेऊन धावतो. भारी माणूस उतरवला, तर टाइट एंड त्याच्यापेक्षा जोरात पळून झेल घेतो. क्रिकेटमधला चांगला यष्टिरक्षक-फलंदाज जसा संघात एका माणसाची जागा वाचवतो, तसंच हे. म्हणून चांगल्या टाइट एंडसाठी प्रशिक्षक जीव टाकतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

प्रश्न किमतीचा आहे, आणि तो समजायला ड्राफ्टची घडण नीट पाहावी लागते. आपल्याकडे आयपीएलचा लिलाव सगळ्यांच्या परिचयाचा आहे. तिथे खेळाडूवर बोली लागते, ज्याला तो हवा तो संघ पैसे मोजतो, आणि यष्टिरक्षकाचा भाव जास्त की वेगवान गोलंदाजाचा, हे बोली ठरवते. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगच्या ड्राफ्टमध्ये बोली नसते. ३२ संघ, सात फेऱ्या, आणि साधारणपणे आदल्या मोसमात सगळ्यात वाईट खेळलेल्या संघाला पहिली पाळी. २०११ च्या कामगार करारापासून नवोदितांचं मानधन जवळपास पूर्णपणे क्रमांकावरून ठरतं. चौथ्या क्रमांकावर तुम्ही क्वार्टरबॅक घ्या, टॅकल घ्या की टाइट एंड, पगाराचा आकडा तोच. म्हणजे ड्राफ्टमध्ये संघ क्रमांक खर्च करतो, आणि त्या क्रमांकाला मानधनाची चिठ्ठी आधीच चिकटलेली असते. शिवाय प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चाला कमाल मर्यादा आहे. २०२५ साठी ती २७ कोटी ९२ लाख डॉलर होती, आणि तेवढ्यात ५३ जणांचा ताफा उभा करायचा असतो. त्यामुळे ड्राफ्टमधला खरा फायदा हा की ज्या जागेचा खेळाडू खुल्या बाजारात फार महाग पडतो, तो नवोदिताच्या ठरीव पगारात पहिली चार वर्षं मिळवायचा. पहिल्या फेरीतल्या खेळाडूंना संघ हवं तर पाचव्या वर्षासाठीही ठेवून घेऊ शकतो.

आता २०२१ चा ड्राफ्ट घेऊ. अटलांटा फाल्कन्सने चौथ्या क्रमांकावर फ्लोरिडा विद्यापीठाचा काइल पिट्स घेतला. एनएफएलच्या इतिहासात इतक्या वरच्या क्रमांकावर दुसरा टाइट एंड गेलेला नाही. त्याचा चार वर्षांचा करार सुमारे ३ कोटी २९ लाख डॉलरचा झाला, म्हणजे वर्षाला ब्याऐंशी लाखांच्या आसपास. त्या वेळचा सगळ्यात महाग टाइट एंड जॉर्ज किटल वर्षाला दीड कोटी घेत होता. म्हणजे एकही सामना न खेळलेल्या पिट्सला त्याच्या जागेवरच्या सर्वोत्तम खेळाडूच्या निम्म्याहून जास्त पगार पहिल्या दिवशी मिळाला. तो सर्वोत्तम ठरला असता, तरी संघाची बचत वर्षाला ६५-७० लाखांपलीकडे गेली नसती. पाठोपाठ पाचव्या क्रमांकावर सिनसिनाटी बेंगल्सने जमार चेस हा रिसीव्हर, म्हणजे मुख्यतः झेल घेणारा खेळाडू, घेतला. त्याचा करार सुमारे ३ कोटी ८ लाखांचा, म्हणजे पिट्सपेक्षा थोडा कमीच. पण रिसीव्हरच्या बाजारात तेव्हा वरचा भाव वर्षाला पावणेतीन कोटींच्या घरात होता. चेसने पहिल्याच मोसमात १,४५५ यार्ड आणि १३ टचडाउन केले, बेंगल्स सुपर बोलपर्यंत पोचले, आणि वर्षाला दोन कोटींच्या आसपासची बचत संघाला दुसरीकडे वापरता आली. पिट्स आणि चेस यांच्यात गुणवत्तेचा काहीही फरक नव्हता असं क्षणभर धरलं, तरी हिशेब चेसच्याच बाजूने झुकतो. २०२५ मधले आकडे हेच सांगतात. किटल आणि ॲरिझोनाचा ट्रे मॅकब्राइड या दोघांनी वर्षाला सुमारे १ कोटी ९० लाखांचे नवे करार केले, आणि टाइट एंडच्या बाजारात तो मोठा पल्ला मानला गेला. त्याच वर्षी चेसचा नवा करार वर्षाला ४ कोटींच्या वर गेला.

हा भाव एवढा कमी का, याची एक गोष्ट थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे. २०१३ मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्सच्या जिमी ग्रॅहमने ८६ झेल, १,२१५ यार्ड आणि १६ टचडाउन केले. त्याचा करार संपत होता. अशा वेळी संघ एका खेळाडूला 'फ्रँचायझ टॅग' लावून वर्षभर थांबवू शकतो. त्या वर्षाचा पगार त्या जागेवरच्या सगळ्यात महाग खेळाडूंच्या पगारावरून ठरतो. सेंट्सने त्याला टाइट एंड म्हणून टॅग लावला, तो सुमारे ७० लाख ३५ हजार डॉलरचा. रिसीव्हर म्हणून लावला असता, तर आकडा १ कोटी २३ लाखांच्या आसपास गेला असता. ग्रॅहमचं म्हणणं होतं की मी बहुतेक डावांत फळीपासून दूरच उभा असतो, तर मला रिसीव्हर धरा. प्रकरण लवादाकडे गेलं. लवादाने त्याच्या जागांची मोजणी तपासली. फळीपासून चार यार्डांच्या आत, म्हणजे साडेतीन मीटरच्या थोडं पलीकडे, उभा असेल तर तो टाइट एंडच, असं त्यांनी धरलं आणि निकाल संघाच्या बाजूने दिला. झेल तेवढेच, टचडाउन तेवढेच, आणि उभं राहायच्या जागेवरून अर्ध्या कोटी डॉलरचा फरक. टॅगचा आकडा पगारांवरून निघतो आणि पुढचे पगार टॅगच्या आकड्याकडे बघून ठरतात. त्यामुळे टाइट एंडचा भाव एकदा खाली बसला तो खालीच फिरत राहिला. खेळाडूंवर हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. पण संघ बांधणाऱ्याला आहे तो बाजार धरूनच हिशेब करावा लागतो.

दुसरा मुद्दा शिकण्याच्या काळाचा. टाइट एंडला दोन धंदे एकदम शिकावे लागतात. फळीतल्या गड्याप्रमाणे कुणाला, कोणत्या पायावर जोर देऊन, कोणत्या बाजूने रेटायचं हे एक, आणि रिसीव्हरप्रमाणे पळण्याच्या वाटा, बचावाची मांडणी ओळखणं, क्वार्टरबॅकशी नजरेची भाषा हे दुसरं. विद्यापीठाच्या संघांत आजकाल अनेक टाइट एंड मोकळ्या जागेत उभे राहून फक्त झेल घेतात, त्यामुळे पहिला धंदा त्यांना व्यावसायिक झाल्यावर शिकावा लागतो. व्हर्नन डेव्हिस २००६ मध्ये सहाव्या क्रमांकावर गेला आणि त्याचा बहराचा मोसम, १३ टचडाउनचा, चौथ्या वर्षी आला. ट्रॅव्हिस केल्सीचं पहिलं वर्ष गुडघ्यापायी जवळपास वाया गेलं आणि त्याने हजार यार्डांचा टप्पा चौथ्या मोसमात गाठला. मग मात्र त्या वर्षासह सलग सात वर्षं तो गाठत राहिला. लायन्सचा एब्रॉन चार वर्षं धडपडला, २०१८ च्या मार्चमध्ये संघाने त्याला मोकळं केलं, आणि त्याच वर्षी इंडियानापोलिस कोल्ट्सकडे जाऊन त्याने १३ टचडाउन झेलले. डेट्रॉइटने शिकवणीचा खर्च केला आणि फळ इंडियानापोलिसने खाल्लं. स्वस्त करार चारच वर्षांचा असतो, आणि खेळाडू पिकायला तीन-चार वर्षं लागत असतील, तर स्वस्ताईचा काळ शिकण्यातच सरतो.

तिसरा मुद्दा पारखीचा, आणि मला तो सगळ्यात वजनदार वाटतो. या जागेवरचे थोर खेळाडू कुठून आले ते बघा. टाइट एंड म्हणून सर्वाधिक ११६ टचडाउन झेलणारा अँटोनियो गेट्स ड्राफ्टमध्ये निवडलाच गेला नव्हता. केंट स्टेट विद्यापीठात तो बास्केटबॉल खेळत असे. शॅनन शार्प सातव्या फेरीत, १९२ व्या क्रमांकावर. जेसन विटन तिसऱ्या फेरीत. रॉब ग्रॉन्कोव्स्कीचं विद्यापीठातलं शेवटचं वर्ष पाठीच्या दुखण्यात गेलं, म्हणून तो दुसऱ्या फेरीत बेचाळिसाव्यावर घसरला, आणि दुसऱ्याच मोसमात १७ टचडाउन झेलून त्याने टाइट एंडचा विक्रम केला. केल्सी तिसऱ्या फेरीत, त्रेसष्टावा. किटलची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. २०१७ मध्ये ओ. जे. हॉवर्ड, इव्हन एन्ग्रम आणि डेव्हिड एन्जोकू हे तीन टाइट एंड पहिल्या फेरीत गेले. किटलच्या नावावर आयोवा विद्यापीठाच्या सगळ्या कारकिर्दीत जेमतेम ४८ झेल होते. तो पाचव्या फेरीत १४६ व्या क्रमांकापर्यंत पडून राहिला, आणि पुढच्याच वर्षी त्याने १,३७७ यार्ड केले. ज्यांचा धंदाच पारखीचा, अशा ३२ संघांनी त्याला चार फेऱ्या ओलांडून जाऊ दिलं. आयोवात टाइट एंडला रेटायचं काम भरपूर असतं, झेलांचे आकडे मोठे होत नाहीत, आणि पारखणारे आकड्यांत अडकतात. बाल्टिमोर रेव्हन्सने २०१८ मध्ये तर आपल्याच हाताने हा प्रयोग करून दाखवला. पंचविसाव्या क्रमांकावर त्यांनी हेडन हर्स्ट घेतला, आणि त्याच ड्राफ्टमध्ये ८६ व्या क्रमांकावर मार्क अँड्रूज. दोन वर्षांत हर्स्ट दुसऱ्या संघाकडे गेला, आणि अँड्रूजने २०२१ मध्ये १०७ झेल आणि १,३६१ यार्ड केले. एकच संघ, एकच प्रशिक्षक, एकच क्वार्टरबॅक, तरी दोघांत चांगला कोण हे त्या संघालाही ड्राफ्टच्या दिवशी सांगता आलं नाही.

यावर एक आक्षेप ताबडतोब येतो, आणि तो रास्त आहे. गेट्स, केल्सी, किटल ही नावं आपल्याला आठवतात ती ते जिंकले म्हणून; तिसऱ्या-पाचव्या फेरीतले कितीतरी टाइट एंड दोन वर्षांत घरी गेले, त्यांची नावं कुणाला आठवत नाहीत. वाचलेल्यांकडे बघून नियम काढणं ही चूकच. म्हणून मी असं म्हणत नाही की पाचव्या फेरीतला टाइट एंड पहिल्या फेरीतल्यापेक्षा चांगला निघतो. सरासरीने तो वाईटच निघतो, हे सगळ्याच जागांना लागू आहे. तुलना करायची ती त्याच क्रमांकावर दुसरं काय मिळालं असतं, याच्याशी. उत्तम क्वार्टरबॅक, उत्तम टॅकल, क्वार्टरबॅकवर तुटून पडणारा उत्तम बचावपटू हे बहुतांशी पहिल्या फेरीत, तेही वरच्या भागातच संपतात. ते तिथे घेतले नाहीत, तर नंतर मिळणं मुश्किल, आणि बाजारात घ्यायला गेलं तर परवडत नाही. २०१४ मध्ये लायन्सने दहाव्या क्रमांकावर एब्रॉन घेतला. बाराव्यावर ओडेल बेकहॅम हा रिसीव्हर गेला. तेराव्यावर गेला ॲरन डोनल्ड. पुढे तो तीनदा वर्षाचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. २०२१ मध्ये पिट्सनंतरच्या आठ निवडींत चेसबरोबर पेनेई सुएल हा टॅकल, पॅट्रिक सर्टन आणि मायका पार्सन्स हे बचावपटू होते. सर्टन २०२४ चा सर्वोत्तम बचावपटू झाला, सुएल २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात निवडला गेला, आणि पार्सन्सने २०२५ मध्ये वर्षाला ४ कोटी ७० लाखांचा करार केला. मागे वळून बघताना सगळंच सोपं दिसतं, हे मान्य. पण एखाद-दुसऱ्या वर्षाचा योगायोग म्हणून हे सोडून देता येत नाही. वरच्या दहांत बचावपटू दरवर्षी असतात, टॅकल आणि रिसीव्हरही अनेकदा असतात, आणि त्यांतला एखादा चुकला तरी त्याच्या जागेचा बाजारभाव जास्त असल्यामुळे डाव लावण्याचं कारण पटण्यासारखं असतं.

पिट्सच्या बाजूने बोलणारे म्हणतात की त्याचा काय दोष? पहिल्या वर्षी त्याने १,०२६ यार्ड केले. त्याआधी नवोदित टाइट एंडला हजाराचा टप्पा गाठता आला होता तो १९६१ मध्ये, माइक डिट्काला. पुढच्या वर्षी क्वार्टरबॅक मॅट रायन दुसऱ्या संघात गेला, मग एकामागून एक नवे क्वार्टरबॅक आले, मध्ये गुडघ्याला दुखापत झाली. हे सगळं खरं आहे, आणि पिट्सच्या गुणवत्तेविषयी माझ्या मनात शंका नाही. पण हाच तर टाइट एंडचा स्वभाव आहे. टॅकलला आपलं काम करायला कुणी चेंडू द्यावा लागत नाही. सर्टनला समोरच्या रिसीव्हरला रोखायला आपल्या क्वार्टरबॅकची गरज नसते. टाइट एंडचा निम्मा उपयोग दुसऱ्याच्या हातावर अवलंबून असतो, आणि त्यातही क्वार्टरबॅकची नजर आधी बाहेरच्या रिसीव्हरांकडे जाते. २०२१ मध्ये रायन ३६ वर्षांचा होता. संघ मोडकळीला आला होता. अशा संघाने आपली सगळ्यात मौल्यवान निवड परावलंबी जागेवर लावली. त्या पहिल्या मोसमातही पिट्सच्या वाट्याला टचडाउन एकच आला, लंडनमध्ये न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध. फाल्कन्स त्या मोसमापासून सलग तीन वर्षं ७-१० वरच (सात विजय, दहा पराभव) राहिले.

आता सगळ्यात अवघड उदाहरणाकडे येऊ. २०२४ मध्ये लास वेगास रेडर्सने जॉर्जिया विद्यापीठाचा ब्रॉक बॉवर्स तेराव्या क्रमांकावर घेतला. त्याने पहिल्याच मोसमात ११२ झेल घेतले. कुठल्याही जागेवरच्या नवोदिताने तोपर्यंत एवढे झेल घेतले नव्हते. १,१९४ यार्ड करून डिट्काचा १९६१ चा १,०७६ यार्डांचा विक्रमही त्याने मोडला. शिकायला वेळ लागतो, पारख होत नाही, या माझ्या दोन्ही मुद्द्यांना बॉवर्स छेद देतो. मी तो मान्य करतो. काही मुलं तयार होऊनच येतात. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. रेडर्स त्या वर्षी ४-१३ राहिले. संघाकडे धड क्वार्टरबॅक नव्हता आणि टाइट एंडने विक्रम केला तरी सामने जिंकले जात नव्हते. आणि बॉवर्स मिळाला तो तेराव्या क्रमांकावर. टोनी गोन्झालेझही १९९७ मध्ये तेराव्यावरच गेला होता, १९७९ मध्ये केलेन विन्स्लोही तेराव्यावरच. योगायोग आहे, त्यातून गूढ अर्थ काढू नये. पण इतिहासातले तीन मोठे टाइट एंड जर बारा संघ पुढे गेल्यावरही हाताला लागतात, तर चौथ्या-आठव्या क्रमांकावर धावण्याची घाई कशासाठी? २००० ते २०२५ या काळात पहिल्या दहांत सहाच टाइट एंड गेले: दुसरा केलेन विन्स्लो, डेव्हिस, एब्रॉन, हॉकन्सन, पिट्स आणि २०२५ मध्ये शिकागो बेअर्सने दहाव्यावर घेतलेला कोल्स्टन लव्हलँड. लव्हलँडचा हिशेब मांडायला अजून अवकाश आहे. उरलेल्या पाचांपैकी, ज्या संघाने निवडलं त्याच संघाला क्रमांकाचं मोल पुरतं फेडून देणारा म्हणून डेव्हिसचंच नाव घेता येईल, तेही वाट पाहिल्यावर.

आणखी एक आक्षेप जास्त सूक्ष्म आहे. कुणी म्हणेल, बाजार टाइट एंडची किंमत कमी लावतो हे तुम्हीच सांगता. मग बाजारच चुकत असेल तर? केल्सीशिवाय त्याच्या कॅन्सस सिटी संघाची विजेतेपदं शक्य होती का? पगार कमी म्हणजे उपयोग कमी असं नव्हे. बरोबर. उपयोग कमी नाहीच. पण सोनं जर चांदीच्या भावाने मिळत असेल, तर त्यासाठी सोन्याचा भाव मोजायचं कारण उरत नाही. टाइट एंड खुल्या बाजारात स्वस्त असतो म्हणूनच तो बाजारातून घेता येतो. वॉशिंग्टन कमांडर्सने २०२४ मध्ये तिशी कधीच ओलांडलेल्या झॅक अर्ट्झला एका वर्षाच्या माफक करारावर घेतलं. जेडन डॅनियल्स या कोवळ्या क्वार्टरबॅकला मधल्या पट्ट्यात भरवशाचा एक माणूस हवा होता. अर्ट्झने ६६ झेल घेतले, ७ टचडाउन केले, आणि संघ उपान्त्य फेरीपर्यंत गेला. तेवढ्याच पैशांत तेवढ्या उपयोगाचा टॅकल मिळाला नसता. टाइट एंडचे भाव चढून एके दिवशी रिसीव्हरांच्या जवळ पोचले, तर माझा हा युक्तिवाद ढिला पडेल, हेही कबूल करतो. तूर्त दोघांचे भाव वर जातात, पण अंतर मिटत नाही.

मग काय करावं? संशोधक केड मॅसी आणि पुढे नोबेल मिळवलेले अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी ड्राफ्टचा बारकाईने अभ्यास केला होता. एकाच जागेवरच्या दोन लागोपाठच्या निवडींत आधी घेतलेला खेळाडू खरोखर सरस निघण्याची शक्यता त्यांना जेमतेम ५२ टक्के दिसली, म्हणजे नाणेफेकीपेक्षा थोडी बरी. संघ स्वतःच्या पारखीवर वाजवीपेक्षा जास्त विसंबतात आणि वर चढण्यासाठी भारी किंमत मोजतात. उलट मोजलेल्या पैशांच्या मानाने सर्वाधिक परतावा दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीच्या आसपास मिळतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो अभ्यास २०११ पूर्वीच्या पगारांवर बेतलेला आहे. तेव्हा वरच्या क्रमांकांचे पगार अवाढव्य असत, आता ते आटोक्यात आहेत, म्हणून तो जसाच्या तसा लागू करता येत नाही. पण टाइट एंडच्या बाबतीत तो नेमका बसतो, कारण या जागेचा बाजारभाव आजही कमी आहे. प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या काळात डॅलस काउबॉइजने क्रमांकांच्या अदलाबदलीसाठी एक तक्ता वापरात आणला, आणि तो नंतर सगळीकडे पसरला. त्यात चौथ्या क्रमांकाला १,८०० गुण आहेत आणि चौतिसाव्याला ५६०. एका पिट्सच्या किमतीत लापोर्टाच्या जागचे तीन क्रमांक येतात.

डेट्रॉइटने शेवटी केलं ते हेच. सरव्यवस्थापक ब्रॅड होम्स २०२१ मध्ये आले. पिट्स चौथ्यावर गेला त्या ड्राफ्टमध्ये त्यांनी सातव्यावर सुएल हा टॅकल घेतला. २०२२ च्या मोसमाच्या मध्यावर त्यांनी हॉकन्सनला मिनेसोटाकडे धाडून बदल्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीतल्या निवडी घेतल्या. मिनेसोटाने त्याच्याशी पुढे चार वर्षांचा ६ कोटी ६० लाखांचा करार केला. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये लायन्सच्या हाती सहावा क्रमांक होता. तो त्यांनी ॲरिझोनाला दिला, त्याबरोबर ८१ वाही दिला, आणि बदल्यात बारावा, चौतिसावा आणि १६८ वा घेतला. बाराव्यावर त्यांनी जमीर गिब्ज हा धावपटू निवडला. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या फेरीतल्या तिसऱ्याच पाळीला, अदलाबदलीत आलेल्या त्या चौतिसाव्या क्रमांकावर त्यांनी आयोवाच्या सॅम लापोर्टाचं नाव पुकारलं.